वी बॅलन्स बोर्डचे गेम: नवीन माणसाने कुठून सुरू करायचं आणि कुठला गेम खरंच पायाने खेळता येतो

वी म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, आणि बॅलन्स बोर्ड म्हणजे त्यावर उभं राहून, झुकून गेम खेळायची त्याची फळी. या बोर्डवर चालणाऱ्या गेमच्या याद्या नेटवर भरपूर सापडतात, पण नुसत्या यादीवरून डिस्क घेऊ नका. बऱ्याच गेमच्या कव्हरवर बोर्डचं चिन्ह छापलेलं असतं आणि घरी आणून लावल्यावर कळतं की सगळा गेम वीच्या रिमोटवरच, म्हणजे हातातल्या कंट्रोलरवरच चालतो, बोर्डला काम मिळतं ते कुठल्यातरी एका कोपऱ्यातल्या मिनीगेममध्ये. म्हणून तुलना करताना ग्राफिक्स कसं, लेव्हल किती, हे जरा बाजूला ठेवा आणि प्रत्येक गेमला एकच प्रश्न विचारा, की यात माझे पाय नक्की काय करतात? याचं उत्तर मिळालं की कुठला गेम घ्यायचा, कुठला आधी खेळायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे आपोआप ठरतं. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे ज्याने बोर्डला अजून हातसुद्धा लावलेला नाही त्यालाही चालेल.

आधी बोर्डला काय कळतं ते समजून घ्या

निन्टेन्डोने हा बोर्ड पहिल्यांदा २००७ च्या जुलैमध्ये दाखवला, जपानमध्ये १ डिसेंबर २००७ ला तो वी फिट या गेमसोबत विकायला आला आणि युरोप-अमेरिकेत २००८ च्या एप्रिल-मेमध्ये. कल्पना शिगेरू मियामोतोंची, मारियोचे जनक तेच. त्यांना रोज वजन करून त्याचा आलेख काढायची सवय लागली होती, आणि त्यातच मजा येते हे लक्षात आल्यावर घरच्या सगळ्यांनी मिळून वजन करावं असा गेम का करू नये, इथून हे सगळं सुरू झालं. दिसायला पाटासारखाच, फक्त पांढरा, साधारण ५१ सेंटीमीटर लांब, ३२ सेंटीमीटरच्या आसपास रुंद आणि जमिनीपासून जेमतेम ५ सेंटीमीटर उंच. वजन साडेतीन किलोच्या आसपास.

आत चार कोपऱ्यांत चार सेन्सर आहेत, प्रत्येक सेन्सर आपल्या कोपऱ्यावर किती भार आला एवढंच सांगतो. चौघांची बेरीज केली की तुमचं वजन. आणि भार कुठल्या कोपऱ्यात किती, याच्या प्रमाणावरून स्क्रीनवरचा तो छोटा ठिपका हलतो. समजा तुमचं वजन ६० किलो आहे आणि उजव्या बाजूच्या दोन सेन्सरवर मिळून ३३ किलो आलं, डाव्या बाजूला २७, तर ठिपका मधोमध न राहता थोडा उजवीकडे दिसणार. एवढंच गणित आहे. तुमचे पाय बोर्डवर नक्की कुठे आहेत, गुडघा किती वाकलाय, पाठ सरळ आहे की नाही, हात कुठे आहेत, यातलं काहीही बोर्डला दिसत नाही. त्याला फक्त भार कळतो.

हे एवढं का सांगतेय, तर नवीन माणूस पहिल्या दिवशी खांदे आणि मान वाकडी करकरून वळायचा प्रयत्न करतो आणि ठिपका जागचा हलत नाही. खांदा कितीही वाकवा, कंबर उलट बाजूला गेली की भार तिथेच राहतो. कंबर सरकवा, टाचेवरून चवड्यावर वजन आणा, की लगेच फरक दिसतो. हे एकदा अंगात बसलं की अर्धे गेम सोपे होतात.

घेताना काय बघायचं

बोर्ड आता नवीन बनत नाही, त्यामुळे वापरलेलाच घ्यायचा. पण काळजी नको, तो जगात तुफान खपलाय. गिनेस बुकात तर सगळ्यात जास्त खपलेला घरगुती वजनकाटा म्हणून याचीच नोंद आहे, २००७ ते २०१० च्या काळात ३ कोटी २० लाखांहून जास्त. त्यामुळे सेकंडहँड बाजारात तो मिळतो, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत अमेरिकेतल्या मावशीने-काकाने पाठवलेला वी माळ्यावर पडलेला असतो, तो आधी खाली काढा.

आणि तिथेच पहिली सूचना. अमेरिकेतून आलेल्या वीचा अडॅप्टर तिकडच्या १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नका, जळेल. युरोपियन मॉडेलचा २३० चा अडॅप्टर वेगळा मिळतो किंवा मग व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावा. दुसरं म्हणजे वी रीजन लॉक असतो, अमेरिकन कन्सोलवर युरोपियन डिस्क चालत नाही, जपानी तर नाहीच नाही. म्हणजे गेमची डिस्क घेताना आपला कन्सोल कुठला ते आधी बघा आणि विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. बोर्डचं तसं नाही, तो कुठल्याही देशातल्या वीला जोडता येतो. फक्त वजनाची मर्यादा वेगळी लिहिलेली आहे, जपानी बोर्डवर १३६ किलो आणि बाकीच्यांवर १५० किलो.

कन्सोलमध्ये वी आणि त्याच्यानंतर आलेला वी यू दोन्ही चालतात. वी यू वर वीच्या डिस्क वी मोडमध्ये चालतात, बोर्डसकट. निन्टेन्डोच्या त्यानंतरच्या स्विच या कन्सोलला मात्र हा बोर्ड जोडता येत नाही. स्विचवर व्यायामाचा गेम हवा असेल तर २०१९ चा रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर आहे, पण त्यात गोल रिंग हातात आणि पट्टा मांडीला, बोर्डचा काही संबंध नाही.

जुना बोर्ड हातात आला की आधी उलटा करून सेलचा कप्पा उघडा. चार पेन्सिल सेल लागतात. तिथे पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर आत सेल फुटून गळलेत. थोडा असेल तर कापसाला व्हिनेगर लावून पुसता येतो, पण पत्राच खाल्ला गेला असेल तर घेऊ नका. सोबत चार छोटे जाड पाय मिळतात, जाड गालिचा असेल तर बोर्डचं पोट टेकू नये म्हणून खाली बसवायचे. आपल्याकडे फरशी असते त्यामुळे ते नसले तरी अडत नाही. मग चालू करून वजन करा, आणि एक सोपी टेस्ट करा: एका पायाने एकेक कोपरा दाबून बघा, ठिपका चारही कोपऱ्यांत सारखाच जातो का. एखाद्या कोपऱ्यात जातच नसेल तर तो सेन्सर गेलाय, मग कितीही स्वस्तात देत असले तरी नको.

जोडणी आणि जागा

वीवर पुढे एसडी कार्डची छोटी झडप असते, ती उघडली की लाल रंगाचं सिंक बटन दिसतं. बोर्डच्या सेलच्या कप्प्यातही तसंच लाल बटन आहे. दोन्ही एकापाठोपाठ दाबायची, बोर्डवरचा निळा दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो, झालं. वी फिट पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीनवरच हे सगळं दाखवतो. पुढच्या वेळेपासून फक्त बोर्डचं पॉवर बटन दाबायचं, नुसतं वर उभं राहून तो चालू होत नाही. हे बटन टीव्हीच्या उलट बाजूला, म्हणजे तुमच्याकडे येईल असा बोर्ड ठेवायचा, पायाच्या अंगठ्यानेही दाबता येतं.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, बोर्ड कन्सोलमध्ये चौथ्या खेळाडूची जागा घेतो. म्हणजे चार रिमोट आधीच जोडलेले असतील तर बोर्ड जोडताना गोंधळ होतो, एक रिमोट बंद करा. आणि एका कन्सोलला एकच बोर्ड जोडता येतो, त्यामुळे चारचौघांत खेळायचं तर आळीपाळीने. पाहुणे आले की हे उलट बरंच पडतं, एक जण बोर्डवर आणि बाकीचे सोफ्यावरून ओरडायला.

जागा सपाट आणि टणक हवी. सतरंजी, चटई, गादी यावर ठेवू नका, एक तर घसरेल आणि दुसरं म्हणजे माप चुकेल. मोजे काढून अनवाणी उभं राहा. चालू झाल्यावर गेम सांगतो की आता वर चढा, त्याच्या आधी पाय ठेवू नका, कारण त्या क्षणी बोर्ड स्वतःला शून्यावर आणत असतो आणि तुमचा एक पाय त्यावर असेल तर पुढचं सगळंच वाकडं येतं. ठिपका सारखा एका बाजूला ओढल्यासारखा वाटायला लागला तर खाली उतरा, बोर्ड बंद करून परत चालू करा.

टीव्हीचं पण बघा. वी जुन्या तीन पिनांच्या एव्ही केबलवर चालतो, नवीन टीव्हीत ती सोय नसेल तर एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लावावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. नाहीतर तुम्ही झुकता आणि चित्र क्षणभर उशिरा हलतं, आणि बॅलन्सच्या गेममध्ये तेवढ्या उशिरानेही माणूस नको तेवढा झुकतो, मग सावरायला उलटा झुकतो, असं चालूच राहतं. बोर्ड खराब आहे म्हणून विकून टाकणाऱ्यांपैकी किती जणांचा खरा प्रॉब्लेम टीव्ही असेल याचा विचार करून वाईट वाटतं.

पाय तीन प्रकारे वापरले जातात

आता मुख्य मुद्दा. बोर्डचा कुठलाही गेम घ्या, तो यातल्या एका नाहीतर दोन प्रकारांत बसतो.

पहिला प्रकार म्हणजे सतत झुकणं. ठिपका सतत वाचला जातो, थोडं झुकलात तर थोडं वळतं, जास्त झुकलात तर जास्त. स्की, स्नोबोर्ड, गोळ्या घरंगळवायचे गेम, सगळे यात येतात. बोर्डची खरी ताकद इथे आहे कारण रिमोटच्या बटनाने हे होत नाही.

दुसरा प्रकार पाऊल टाकण्याचा. इथे बोर्ड फक्त बघतो की डावा पाय टेकला का, उजवा उचलला का. वी फिटमधला पायरीवर चढ-उतार करायचा स्टेप्सचा व्यायाम यातलाच. व्यायाम चांगला होतो, घाम येतो, पण गेम म्हणून यात बोर्ड एका मोठ्या बटनासारखाच वापरला जातो.

तिसरा म्हणजे अचानक बदल. गुडघे वाकवून पटकन सरळ झालात की बोर्डवरचा भार क्षणभर वाढतो आणि मग एकदम कमी होतो. स्की जंप किंवा दोरीवरून चालतानाची उडी यावरच चालते. आणि इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, खरी उडी मारायची नाही. पाय बोर्डवरून उचलायचेच नाहीत. निन्टेन्डोनेही बोर्डवर उडी मारू नका असंच बजावलंय, आणि गुडघे जोरात सरळ केले की गेमला कळतं.

पहिला गेम: वी फिट नको, वी फिट प्लस घ्या

वी फिट २००७-०८ चा, वी फिट प्लस २००९ च्या ऑक्टोबरचा. प्लसमध्ये जुन्या वी फिटमधलं सगळं आहे, वर १५ नवीन गेम आणि योगा-स्ट्रेंथचे ६ नवीन व्यायाम, शिवाय आपल्या आवडीचे व्यायाम एकापाठोपाठ लावून स्वतःचं रूटीन करता येतं. जुन्या वी फिटमध्ये प्रत्येक व्यायामानंतर मेन्यूत परत यायला लागायचं आणि त्यात अंग थंड पडायचं, ती अडचण यात गेली. वी फिट आधीच असेल तर त्यातला डेटा पण प्लसमध्ये येतो. वी यू असेल तर वी फिट यू आहे, त्यात गेमपॅड, म्हणजे वी यूचा स्क्रीन असलेला कंट्रोलर, वापरून केलेले नवीन प्रकार आहेत, बोर्डवर बसून हातात गेमपॅड धरून मागे झुकत घसरायचा लूजचा (बर्फावरच्या घसरगाडीचा) खेळ त्यातलाच, पोटाचे स्नायू चांगलेच जागे होतात. पण नवीन माणसाला प्लस पुरेसा आहे, स्वस्तही पडतो.

डिस्क टाकल्यावर लगेच योगाकडे जाऊ नका, बॅलन्स गेममध्ये जा आणि टेबल टिल्ट लावा. एक फळी हवेत तरंगतेय, तिच्यावर गोळे आहेत आणि भोकं आहेत, तुम्ही झुकाल तशी फळी झुकते आणि गोळे भोकात पाडायचे. पहिल्या पातळीला अगदी सोपं, मग गोळे वाढतात, फळीला कठडे नसलेल्या बाजू येतात. ह्या गेमवर माझा खूप जीव आहे कारण तो पाच मिनिटांत शिकवतो की किती कमी झुकायचं असतं. नवीन माणूस दाणकन झुकतो, गोळा सुसाट जातो आणि खाली पडतो. मग हळूहळू लक्षात येतं की फक्त अंगठ्यांवर किंचित दाब दिला तरी गोळा पुढे येतो, आणि थांबवायचा असेल तर तो पोचायच्या आधीच टाचांवर यायचं. दोन गोळे दोन टोकांना असतील तेव्हा एकाला थोपवून धरत दुसरा आणायचा, तिथे घोटे बारीक थरथरायला लागतात. ती थरथर म्हणजे काम बरोबर चाललंय.

ते जमलं की स्की स्लॅलम. झेंड्यांच्या जोड्यांमधून जायचं, डावीकडे-उजवीकडे झुकून वळायचं आणि पुढे झुकून वेग घ्यायचा. एक झेंडा चुकला की वेळेत ७ सेकंदांची भर पडते, म्हणून सुरुवातीला वेगाचा मोह नको, सगळे झेंडे घ्या. इथे पहिल्यांदा दोन दिशांचं भान एकत्र ठेवावं लागतं, पुढचा भार न सोडता बाजूला जायचं.

मग स्की जंप. गुडघे वाकवून खाली बसायचं, भार पुढे, ठिपका दाखवलेल्या वर्तुळात स्थिर ठेवायचा, उतारावरून वेग वाढत जातो, आणि कडा आली की झटक्यात सरळ उभं राहायचं. आधी उठलात तर उडी वाया, उशिरा उठलात तरी वाया. आणि हवेत असताना परत ठिपका मधोमध धरून ठेवायचा, तो निसटला तर खाली लोळत येता. दोन उड्यांची बेरीज धरली जाते. एकदा मध्यावर सरळ जमली की ती लांब उडी बघताना घरात सगळे टाळ्या वाजवतात, खरंच. फक्त गुडघे दुखणाऱ्यांनी हा गेम सावकाश.

सॉकर हेडिंग हा सगळ्यात प्रसिद्ध, बॉल येतो तिकडे डोकं न्यायचं आणि मध्येच बूट आणि पांडाची मुंडकी येतात ती चुकवायची. पाहुण्यांसाठी उत्तम, पण शिकण्यासाठी तितका नाही, कारण डावं-मध्य-उजवं एवढंच आहे. पेंग्विन स्लाइड लहान मुलांना लगेच समजतो, बर्फाच्या तुकड्यावरून सरकत मासे खायचे, हवेत उडणारा लाल मासा १० गुणांचा, साधा निळा १ चा. बबलचा गेम मात्र नंतर, फुग्यात उभं राहून नदीतून जायचं आणि काठाला टेकलं की फुटतो, तिथे घाई केली की संपलंच.

प्लसमधले दोन गेम मुद्दाम सांगते. परफेक्ट टेन, यात चार बाजूंना आकडे असतात आणि कंबरेचा धक्का मारून त्यांची बेरीज १० करायची. दुसरी-तिसरीतल्या मुलांना बेरजेचा सराव असा हसत-खेळत होतो. आणि दुसरा तो कोंबडी बनून हात फडफडवत उडायचा. बोर्डला हात दिसत नाहीत हे वर सांगितलं ना, मग हा गेम कसा चालतो? हात खाली मारले की बोर्डवरचा भार बारीकसा बदलतो, तोच तो वाचतो. म्हणून नुसते मनगटाने हात हलवले तर उडत नाही, खांद्यापासून जोरात मारावे लागतात. अख्ख्या बोर्डच्या शोधात मला सगळ्यात हुशार वाटलेली गोष्ट ही आहे.

बसून खेळायचं तर लोटस फोकस, बोर्डवर मांडी घालून मेणबत्तीच्या ज्योतीकडे बघायचं आणि हलायचं नाही. ध्यान करणाऱ्यांनाही तो सोपा जात नाही.

दुसरी पायरी: बर्फावरचे गेम

प्लसमध्ये हात, म्हणजे पाय, बसला की वेगळी डिस्क घ्यायला हरकत नाही. आणि ती बर्फाचीच घ्या, कारण सतत झुकण्याचा प्रकार सगळ्यात चांगला इथे आहे.

नवीन माणसाला मी वी स्की (We Ski, यातला वी कन्सोलचा Wii नाही) सुचवते, बोर्ड वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या बाहेरच्या कंपन्यांच्या गेमपैकी एक, नाम्कोचा, युरोपात फॅमिली स्की नावाने मिळतो. एका हातात रिमोट, दुसऱ्यात ननचक (रिमोटला वायरने जोडायचा छोटा कंट्रोलर), त्या स्कीच्या दोन काठ्या, आणि पायाखाली बोर्ड. अख्खं रिसॉर्ट फिरायला मोकळं, लिफ्टने वर जायचं, हव्या त्या उतारावरून सावकाश खाली यायचं, कुणी मागे लागलेलं नसतं. ग्राफिक्स साधं आहे पण झुकण्याला मिळणारा प्रतिसाद मऊ आणि खरा वाटतो. याचाच पुढचा भाग वी स्की अँड स्नोबोर्ड, तो मिळाला तर थेट तोच घ्या, डोंगर मोठा आहे आणि स्नोबोर्डपण आहे.

शॉन व्हाइट स्नोबोर्डिंग रोड ट्रिप, युबीसॉफ्टचा, २००८ च्या नोव्हेंबरचा. यात बोर्ड आडवा नाही तर उभा ठेवायचा आणि त्यावर बाजूने उभं राहायचं, खऱ्या स्नोबोर्डवर उभं राहतात तसं, मान टीव्हीकडे वळवून. आता वळणं डाव्या-उजव्या पायाने नाही तर चवडा आणि टाचेने होतात. बोर्ड डोळ्यासमोर ठेवूनच हा गेम बनवलाय हे लगेच जाणवतं. वी स्कीपेक्षा हा वेगवान, रंगीत, ट्रिक्सवाला. पण ज्याने प्लसमधला स्नोबोर्ड स्लॅलम खेळलेला नाही त्याने थेट इथे येऊ नये, तिथे हीच बाजूने उभं राहण्याची सवय शांतपणे होते. कुठला पाय पुढे हे पण तिथेच ठरवून टाका, दोन्ही करून बघा, एक पाय आपोआप बरा वाटतो.

दोघांत निवडायचं झालं तर, घरात मोठी माणसं आहेत, निवांत खेळायचंय, तर वी स्की. एकटा कॉलेजवाला पोरगा असेल तर शॉन व्हाइट.

मारियो अँड सोनिकचा २००९ मधला विंटर ऑलिंपिकचा गेमही बोर्ड घेतो, पण ठराविक खेळांतच, त्यामुळे तो बोर्डसाठी म्हणून नाही, मारियोसाठी म्हणून घ्या.

स्केट इट बद्दल नवीन लोक नेहमी विचारतात कारण स्केटबोर्ड म्हटल्यावर बोर्ड हवाच असं वाटतं. भूकंपासारख्या संकटानंतर रिकामं झालेलं शहर आणि त्यात स्केटिंग, कल्पना मस्त आहे. पण स्केटिंगमध्ये उडी, गिरकी, कठड्यावरून घसरणं हे सगळं अचानक होणारं असतं आणि ते चार सेन्सरच्या भारावरून ओळखणं बोर्डला झेपत नाही, खेळणारा पटकन दमतो आणि रिमोटकडे वळतो. रिमोटवर गेम चांगला आहे. आणि टोनी हॉक राइड हा वेगळाच प्रकार, त्याला त्याचा स्वतःचा चाकं नसलेला स्केटबोर्ड लागतो, वीचा बॅलन्स बोर्ड चालत नाही. नुसती डिस्क स्वस्तात दिसली म्हणून घेऊ नका.

बाकीचे पटापट

पंच-आउट, २००९ चा. बॉक्सिंग हाताने, चुकवणं पायाने. गंमत आहे, पण गेम मुळातच कठीण आहे आणि त्यात चुकवायला झुकावं लागलं की अजून कठीण. आधी साध्या कंट्रोलवर शिका.

वी म्युझिकमध्ये बोर्ड ड्रमचे पेडल होतो, दोन पाय दोन पेडल. हा पाऊल टाकण्याचा प्रकार, पण ज्याला हात आणि पाय वेगळे चालवायला शिकायचंय त्याला छान.

रॅबिड्सच्या टीव्ही पार्टी या गेममध्ये बोर्डवर चक्क बसून स्लेजसारखं घसरायचं. लहान मुलं लोटपोट.

ईए स्पोर्ट्स अ‍ॅक्टिव्हमध्ये बोर्ड ऐच्छिक, खरं काम मांडीच्या पट्ट्याचं आणि रबराच्या बँडचं. व्यायामच करायचा असेल तर घ्या, बोर्ड खेळायचाय म्हणून नको.

टेट्रिस पार्टीतला बोर्डवाला मोड माझ्या मते सगळ्यात चांगल्या कल्पनांपैकी एक, झुकून तुकडा सरकवायचा आणि खाली बसून फिरवायचा. पण तो वीच्या ऑनलाइन दुकानातून डाउनलोड करायचा गेम होता आणि ते दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. जुना कन्सोल घेतलात तर मेन्यूत आधीच टाकलेला आहे का ते नक्की बघा, असेल तर नशीब.

घरातल्या सगळ्यांसाठी दोन गोष्टी

वी फिट सुरुवातीला उंची-वजन घेऊन बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, सांगतो, २२ ला आदर्श धरतो आणि २५ च्या वर गेलं की जास्त वजन. आपल्याकडचे डॉक्टर भारतीयांसाठी २३ पासूनच सावध करतात, त्यामुळे २४ वर गेमने शाबासकी दिली तरी ती फार मनावर घेऊ नका. आणि लहान मुलांना तर हा आकडा दाखवूच नका. वाढत्या वयातल्या मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या मापाने मोजत नाहीत. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका मुलीला गेमने जाड म्हटल्यावरून बराच गदारोळ झाला होता आणि निन्टेन्डोला माफी मागावी लागली. मुलांना बॉडी टेस्ट टाळून थेट गेममध्ये न्या.

आजी-आजोबांना खेळवायचं असेल तर जरूर खेळवा. २०१० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी हा बोर्ड प्रयोगशाळेतल्या महागड्या फोर्स प्लेटशी (पायाखालचा भार मोजणाऱ्या यंत्राशी) ताडून बघितला आणि उभं राहतानाचा तोल मोजायला तो भरवशाचा निघाला, त्यानंतर फिजिओथेरपीवाले पण याच्याकडे गंभीरपणे बघायला लागले. पण बोर्ड ५ सेंटीमीटर का होईना उंच आहे, उतरताना पाय अडकतो. म्हणून समोर एक जड खुर्ची पाठीच्या बाजूने ठेवा, धरायला, आणि कुणीतरी शेजारी उभं राहा. टेबल टिल्ट आणि पेंग्विन एवढेच. चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

काही बिघडलं तर

बोर्ड जोडला जातोय पण मध्येच तुटतोय, तर ९० टक्के वेळा सेल. चारही एकाच वेळी, एकाच कंपनीचे नवीन टाका, दोन जुने दोन नवीन नको. चांगल्या सेलवर तो ६० तासांपर्यंत चालतो.

वजन रोज वेगळं येतंय, तर फरशी बघा, बोर्डचा एक पाय फरशीच्या सांध्यात बसलाय का. वीतभर सरकवून परत मोजा.

कन्सोलच गेला आणि बोर्ड चांगला आहे, तर टाकू नका. तो ब्लूटूथवर चालतो, लिनक्सवरच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची सोय आहे आणि डॉल्फिन इम्युलेटरवर (कॉम्प्युटरवर वीचे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) स्वतःच्या डिस्कवरून काढलेला गेम खऱ्या बोर्डने खेळता येतो. लॅपटॉपला जोडताना दर वेळी लाल बटन दाबावं लागतं, त्यामुळे सेलचं झाकण जपून उघडा, त्याची खुंटी नाजूक असते. आणि पावसाळ्यात बोर्ड महिना-दोन महिने वापरणार नसाल तर सेल काढून, कोरड्या कापडात गुंडाळून, आडवाच ठेवा, त्याच्यावर दुसरं सामान रचू नका.